दुर्बीण नक्की कुणाची? लिपरहे, यान्सेन की दुकानात आलेलं ते अनोळखी गिऱ्हाईक

चाळिशीवाला

नमस्कार मंडळी. आमचं मिरजेत चष्म्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आधी वडील स्वतः काचा घासायचे, आता सगळं तयार येतं, आम्ही फक्त कटिंग-फिटिंग करतो. लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलोय, की हॉलंडमधल्या एका चष्मेवाल्याच्या दुकानात पोरं काचा घेऊन खेळत होती, एकामागे एक दोन काचा धरल्या तर चर्चच्या मनोऱ्यावरचा वातकुक्कुट एकदम जवळ दिसायला लागला, मालकाने ते बघितलं आणि दुर्बीण झाली. वडील ही गोष्ट गिऱ्हाइकांना फार रंगवून सांगायचे. मालकाचं नाव हान्स लिपरहे, गाव मिडलबर्ग, साल १६०८.

आता वडील नाहीत. मागच्या महिन्यात त्यांचा जुना ट्रायल सेट (नंबर तपासायच्या काचांची पेटी) साफ करताना मनात आलं की हे नीट वाचून तरी काढावं, आणि वाचायला बसलो तर डोकंच फिरलं, कारण कुठे लिपरहे, कुठे यान्सेन, कुठे मेटियस, कुठे स्पेनमधला एक चष्मेवाला, इटलीवाले म्हणतात पोर्ता, इंग्रज म्हणतात डिग्ज. आणि पोरांच्या त्या गोष्टीला तर त्या काळचा कुठलाच आधार नाही असं दिसतंय, त्याचं जरा वाईट वाटलं. आपल्या धंद्यातल्या माणसाने ही वस्तू केली याचा मला खरंच अभिमान आहे, म्हणून विचारतो, तो माणूस नक्की कोण? ज्यांनी वाचलंय त्यांनी सविस्तर लिहा.

मृगनक्षत्र

छान धागा. आधी एक गोष्ट बाजूला काढू, गॅलिलिओ नाही. अजूनही निम्म्या लोकांना तोच वाटतो. त्याला १६०९ च्या उन्हाळ्यात बातमी कळली की हॉलंडमध्ये असं काहीतरी निघालंय, मग त्याने स्वतःचं करून बघितलं आणि ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या सरकारला दाखवलं. त्याचं मोठेपण हे की त्याने ती सुधारली, आकाशाकडे लावली आणि मार्च १६१० मध्ये छापून मोकळा झाला. इंग्लंडच्या थॉमस हॅरियटने तर त्याच्याही थोडं आधी, १६०९ च्या उन्हाळ्यातच, दुर्बिणीतून चंद्राचं चित्र काढलं होतं. पण वस्तू दोघांचीही नाही.

माझं मत विचाराल तर लिपरहे. नाव असलेला सगळ्यात जुना कागद त्याचा आहे. विषय संपला.

कागदपत्री

विषय इतक्यात संपत नाही हो मृगनक्षत्र :) जरा लांबण लावतो, सहन करा.

पहिला कागद २५ सप्टेंबर १६०८ चा. झीलंड प्रांताच्या (मिडलबर्ग याच प्रांतात) कौन्सिलरांनी हेगमधल्या आपल्या प्रतिनिधींना शिफारसपत्र दिलं, त्यात म्हटलंय की हे पत्र घेऊन येणाऱ्याकडे एक युक्ती आहे, तिने काचांमधून बघितलं की फार लांबच्या वस्तू जवळ असल्यासारख्या दिसतात, त्याची डच सेनापती प्रिन्स मॉरिसशी भेट घालून द्यावी. आता गंमत बघा, या पत्रात नावच नाही! फक्त 'पत्र आणणारा'. लिपरहेचं नाव येतं ते २ ऑक्टोबरला, डच संसदेच्या म्हणजे स्टेट्स जनरलच्या नोंदीत. त्याने तीस वर्षांचं पेटंट मागितलं, ते जमत नसेल तर सालाना पेन्शन द्या आणि मी ही वस्तू फक्त देशासाठी करीन असं म्हणाला. म्हणजे पत्र आणणारा तोच असणार हे आपण जोडून घेतो, आणि ते जोडणं बरोबरच असावं, पण ते जोडलेलं आहे एवढं लक्षात ठेवा.

पुढे १४ ऑक्टोबरला झीलंडहूनच आणखी एक पत्र जातं, की इथे एक तरुण माणूस आहे, त्यालाही ही कला येते असं तो म्हणतो आणि तसंच यंत्र त्याने दाखवलंय. परत नाव नाही. आणि १७ ऑक्टोबरच्या सुमाराला आल्कमारचा याकोब मेटियस स्वतःचा पेटंट अर्ज घेऊन हजर, म्हणतो मी दोन वर्षं यावर काम करतोय.

तीन आठवड्यांत तीन माणसं. मग सरकार काय करणार? १५ डिसेंबरला लिपरहेला पेटंट नाकारलं, कारण दिलं की ही विद्या आणखी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पैसे मात्र मिळाले. एकेका यंत्राचे हजार गिल्डर (तिथलं नाणं) मागत होता, ९०० वर करार झाला, आणि अट अशी की दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असं करून दे, काचा स्फटिकाच्या हव्यात. त्याने ते करूनही दिलं.

म्हणजे ज्या सरकारी दप्तरामुळे आपण लिपरहेला पहिला म्हणतो, तेच दप्तर सांगतंय की तो एकटा नव्हता.

रेवतीतारा

कागदपत्री, खूप छान लिहिलंत. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, मुलं हमखास विचारतात की बाई शोध कोणी लावला, आणि एका ओळीचं उत्तर दिलं की गप्प बसतात. पण मला एक कळलं नाही, पेटंट नाकारायला सरकारला एवढे जाणकार इतक्या लवकर सापडले कसे? तीन महिन्यांत?

कागदपत्री

ताई, त्याला ती वेळच कारण आहे. हेगला तेव्हा स्पेनबरोबर तहाची बोलणी चालू होती, सगळ्या युरोपचे वकील आणि सरदार गावात मुक्कामाला होते. दाखवणं झालं ते एका मनोऱ्यावरून, तिथून डेल्फ्टचं घड्याळ आणि लायडनच्या चर्चच्या खिडक्या दिसल्या असं त्याच वर्षी छापलेल्या एका बातमीपत्रात आहे. ते बातमीपत्र खरं तर सयामच्या (आजचं थायलंड) राजाच्या वकिलातीबद्दल होतं, शेवटी ही दुर्बिणीची बातमी जोडलेली, आणि त्यात एवढंही आहे की एरवी न दिसणारे तारेही याने दिसतात. स्पॅनिश सेनापती स्पिनोला तिथेच होता. तो म्हणाला की आता माझी धडगत नाही, तुम्ही मला लांबूनच बघाल, त्यावर मॉरिसच्या भावाने सांगितलं की आमच्या माणसांना तुमच्यावर गोळी झाडू नका असं बजावू.

आता शत्रूच्याच सेनापतीसमोर दाखवल्यावर गुपित काय राहणार. आणि वस्तू कशी, तर एक नळी आणि दोन काचा. एकदा हातात घेऊन बघितली की कुठल्याही चष्मेवाल्याला जमेल. १६०९ च्या एप्रिलात पॅरिसच्या एका पुलावरच्या दुकानात ती विकायला होती.

चाळिशीवाला

हे अगदी पटलं. आमच्या भाषेत सांगतो, पुढे चाळिशीची काच लावायची म्हणजे प्लसची (बहिर्वक्र, मध्ये फुगीर) आणि डोळ्याजवळ मायनसची (अंतर्वक्र, मध्ये खोलगट). मी परवाच ट्रायल सेटमधून केलं, पुढे प्लस दोन, डोळ्याजवळ मायनस सहा, दोघांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर, वस्तू तिप्पट मोठी दिसते आणि उलटी होत नाही. हे दोन्ही नंबर कुठल्याही दुकानात पडून असतात. म्हणून तर माझा प्रश्न आहे, की चष्मे तेराव्या शतकाच्या शेवटापासून होते, मायनसच्या काचा पंधराव्या शतकापासून, मग दीडशे वर्षं कोणी दोन काचा एकापुढे एक धरल्याच नाहीत? मला ते शक्यच वाटत नाही, आम्ही दिवसातून वीस वेळा धरतो.

इटलीदर्शन

धरल्या होत्या की! जंबातिस्ता देल्ला पोर्ता, नेपल्सचा. त्याच्या १५८९ च्या ग्रंथात लिहिलंय की अंतर्वक्र काचेने लांबचं बारीक पण स्वच्छ दिसतं, बहिर्वक्र काचेने जवळचं मोठं पण धूसर दिसतं, आणि दोन्ही नीट जुळवता आल्या तर लांबचं आणि जवळचं दोन्ही मोठं आणि स्वच्छ दिसेल. १५८९! लिपरहेच्या एकोणीस वर्षं आधी. आणि १६०९ च्या ऑगस्टमध्ये त्याने चेझी नावाच्या रोममधल्या सरदाराला पत्र लिहून नळीचं चित्रसुद्धा काढून पाठवलं, वर म्हणाला की ही तर माझ्याच पुस्तकातून उचललेली फालतू गोष्ट आहे. मला वाटतं पोर्तावर कायम अन्याय झालाय, उत्तरेकडच्या लोकांनी इतिहास लिहिला म्हणून.

मृगनक्षत्र

पोर्ताचं ते वाक्य मीही वाचलंय पण ते अधू नजरेच्या लोकांना मदत करण्याच्या ओघात येतं, आणि नळी नाही, अंतर नाही, किती पट दिसेल ते नाही. ज्याच्या हातात खरंच दुर्बीण आहे तो वीस वर्षं गप्प बसेल का? चित्र काढून पाठवलं ते बातमी सगळीकडे पसरल्यावर. इंग्लंडच्या डिग्जचंही तेच, मुलाने १५७१ मध्ये वडिलांबद्दल लिहिलं की ते आरसे आणि काचा योग्य कोनात लावून लांबची पत्रंसुद्धा वाचायचे, पण मग आर्मडाच्या वेळी, म्हणजे स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं तेव्हा, १५८८ मध्ये ती वस्तू कुठे होती? एवढ्या मोठ्या संकटात कोणी वापरली नाही?

देशांतर

मी नेदरलँड्समध्ये राहते, दोन वर्षांपूर्वी मुद्दाम मिडलबर्गला जाऊन आले. छोटंसं गाव आहे, मधोमध लांगे यान नावाचा चर्चचा उंच मनोरा. इथे आपण यान्सेनबद्दल काहीच बोललो नाही, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जुन्या पुस्तकांत त्याचंच नाव असतं. झकारियास यान्सेन, तोही मिडलबर्गचाच चष्मेवाला. लिपरहे मूळचा तिथला नाही बरं का, तो जर्मनीतल्या वेझेलचा, १५९४ मध्ये येऊन स्थायिक झाला. तिथे १५८१ पासून काचेचा कारखाना होता, इटालियन पद्धतीची स्वच्छ काच मिळायची, त्यामुळे हे सगळे चष्मेवाले एकाच गावात का जमले ते कळतं.

त्या १४ ऑक्टोबरच्या पत्रातला 'तरुण माणूस' म्हणजे यान्सेन असावा असं बरेच जण मानतात. तो तेव्हा तेवीस-चोवीसचा असणार. पण नाव नाही, हे कागदपत्रींनी सांगितलंच.

कागदपत्री

देशांतर ताई, यान्सेन आणलात ते बरं झालं, माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभाच तो आहे.

आपल्याकडे इतिहासात एक भेद आपण नेहमी करतो, बखर वेगळी आणि अस्सल पत्र वेगळं. पत्र त्या दिवशी, त्या कामासाठी लिहिलेलं असतं. बखर पन्नास-साठ वर्षांनी कोणीतरी सांगतो म्हणून लिहिली जाते, तिच्यात खरंही असतं पण घराण्याचा अभिमान मिसळलेला असतो आणि सालं घसरलेली असतात. लिपरहेकडे पत्रं आहेत, यान्सेनकडे बखर आहे.

ती बखर झाली १६५५ मध्ये. विल्लेम बोरील नावाचा डच मुत्सद्दी होता, पॅरिसला वकील, जन्म मिडलबर्गचा. फ्रान्समध्ये पिएर बोरेल नावाचा वैद्य दुर्बिणीच्या खऱ्या संशोधकावर पुस्तक लिहीत होता (नावं सारखी आहेत, बोरील डच, बोरेल फ्रेंच, मीही दोनदा घोटाळलो). बोरीलने आपल्या गावच्या मॅजिस्ट्रेटना पत्र लिहिलं की चौकशी करा. सत्तेचाळीस वर्षं उलटून गेलेली. लिपरहे १६१९ मध्येच वारलेला. यान्सेनचा मुलगा योहानेस, तोही चष्मेवालाच, त्याने जबानी दिली की माझ्या वडिलांनी दुर्बीण १५९० मध्ये केली. झकारियासची बहीण सारा हिचीही जबानी झाली, तिने सांगितलेला काळ मात्र १६११ च्या आसपास किंवा त्याच्याही नंतरचा. एकाच घरातल्या आत्या-भाच्याच्या सालांत वीस वर्षांचा फरक. दुसरे साक्षीदार निघाले त्यांनी शपथेवर लिपरहेचं नाव घेतलं. बोरीलला स्वतःला यान्सेन लहानपणचा खेळगडी म्हणून आठवत होता, आणि त्याचं म्हणणं असं पडलं की बाहेरगावचा एक माणूस संशोधकाला शोधत आला, चुकून लिपरहेच्या दारात गेला आणि लिपरहेने त्याच्या प्रश्नांवरूनच युक्ती ओळखली. बोरेलने पुस्तकात यान्सेनलाच मान दिला आणि तिथून पुढे दोन-अडीचशे वर्षं तेच चालत आलं.

आता १५९० चं बघा. यान्सेनचा जन्म १५८५ च्या सुमाराचा. पाच वर्षांचं पोर दुर्बीण करेल का?

रेवतीतारा

बापरे. मग मुलगा सरळ खोटंच बोलला म्हणायचं?

कागदपत्री

तसं लगेच म्हणवत नाही, कारण याच मुलाचं आणखी एक बोलणं टिकलंय आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. इझाक बेकमन नावाचा विद्वान १६३४ च्या सुमाराला या योहानेसकडे काचा घासायला शिकत होता, आणि तो रोजनिशी ठेवायचा. त्यात लिहिलंय, योहानेस म्हणतो की माझ्या वडिलांनी या देशातली पहिली दुर्बीण १६०४ मध्ये केली, एका इटालियन माणसाच्या दुर्बिणीवरून, जिच्यावर १५९० असं साल घातलेलं होतं.

शांतपणे वाचा हे. काम शिकवता शिकवता शिष्याला सहज सांगितलेली गोष्ट, सरकारी चौकशीच्या वीस वर्षं आधीची. तिच्यातही १५९० आहे, पण ते साल वडिलांचं नाही, कुठल्यातरी इटालियनाच्या नळीवरचं आहे. पुढे १६५५ मध्ये मॅजिस्ट्रेटसमोर तो इटालियन गळून पडला आणि १५९० वडिलांच्या नावावर लागलं.

इटलीदर्शन

म्हणजे परत इटलीच! पोर्ताचं पुस्तक १५८९ चं, नळीवर १५९०. मी काही बोलत नाही.

मृगनक्षत्र

इटलीदर्शन, त्या एका वाक्यावर एवढं उभं करता येणार नाही. सांगणारा माणूस तोच, ज्याच्या जबानीत आपण आत्ताच खोट काढली. आणि वडिलांबद्दल बोलायचं तर झकारियास यान्सेनवर खोटी नाणी पाडल्याबद्दल खटले झाले होते, १६१३ मध्ये दंड झाला आणि पुढे आर्नमाउडन गावी परत तेच. मला त्या घराण्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं जड जातं.

देशांतर

मृगनक्षत्र, नाणी खोटी पाडणारा हात बारीक कामात तरबेज असणार असंही म्हणता येईल ना. चारित्र्यावरून शोधाचा निकाल लावू नये असं मला वाटतं.

आणि एक सांगायचं राहिलं, ते मला तिथे उभी असताना फार लागलं. हे जन्म, लग्न, खटले, कर्जं, सगळं मिडलबर्गच्या दप्तरात होतं. १७ मे १९४० ला युद्धात गावाचा मध्यभाग जळाला, त्यात गावचं दप्तर गेलं. आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक कॉर्नेलिस द वार्ड नावाच्या संशोधकाने आधीच उतरवून १९०६ च्या पुस्तकात छापलं होतं म्हणून. त्याने जे नजरेआड केलं किंवा जे त्याला महत्त्वाचं वाटलं नाही ते आता कोणालाच बघता येणार नाही. आत्ता तिथे सगळं परत बांधलंय, नीटनेटकं, छान, पण बघताना सारखं ते आठवत होतं.

चाळिशीवाला

देशांतर ताई, हे वाचून खूप हळहळ वाटली.

मला या सगळ्यात एक गोष्ट सापडली आणि ती मला सोडत नाहीये. सिर्तोरी नावाचा एक इटालियन, त्याचं पुस्तक १६१८ चं, म्हणजे १६५५ च्या कितीतरी आधीचं. तो लिहितो की लिपरहेच्या दुकानात एक अनोळखी माणूस आला, त्याने बऱ्याच काचा घासायला सांगितल्या, काही प्लसच्या काही मायनसच्या. ठरलेल्या दिवशी परत आला, त्यातली एक प्लसची एक मायनसची उचलली, डोळ्यापुढे धरली, जवळ-लांब करून बघितली, पैसे दिले आणि निघून गेला. मालक हुशार होता, त्याने गिऱ्हाईक गेल्यावर तेच करून बघितलं आणि नळीत बसवलं.

साल तो १६०९ देतो, ते चुकलंय हे उघड आहे. पण मंडळी, मी तीस वर्षं काउंटरवर उभा आहे, हे असंच होतं हो! गिऱ्हाईक विचित्र ऑर्डर देतं, आपण बोलत नाही पण त्याचे हात बघत असतो. ही घटना ज्याने सांगितली तो दुकानात उभा राहिलेला असणार किंवा ज्याने ती अनुभवली त्याच्याकडून ऐकलेली असणार, असं माझं मन सांगतं. मग ते गिऱ्हाईक कोण? यान्सेन तर गावातलाच, त्याला लिपरहे ओळखत असणार. मेटियस?

कागदपत्री

मेटियस असेल असं काहींनी सुचवलंय, पण पुरावा नाही. तो फार गुपचूप माणूस होता. सरकारने शंभर गिल्डर देऊन अजून सुधारणा कर म्हणून सांगितलं तर नंतर कोणाला काही दाखवायलाच तयार नाही. त्याचा भाऊ आद्रियान फ्रानेकरला गणिताचा प्राध्यापक, त्याच्यामुळे नाव टिकलं, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ मध्ये श्रेय मेटियसलाच दिलं. पण त्याची यंत्रं कोणी नीट बघितली नाहीत.

सिर्तोरीच्याच पुस्तकात पुढे आणखी एक आहे. तो स्पेनला जिरोना गावी गेला, तिथे रोजेट नावाचा म्हातारा चष्मेवाला भेटला, धंदा बंद केलेला, आणि त्याच्याकडे दुर्बिणीची मापं लिहिलेली होती. बार्सिलोनाच्या सिमॉन द गिलेउमा नावाच्या अभ्यासकाने गेल्या शतकात जुन्या मालमत्तेच्या याद्या धुंडाळल्या तर १५९३ च्या एका यादीत 'पितळेने मढवलेला लांब चष्मा' असं निघालं. तो दुर्बीणच होता की मोठं भिंग, ते शब्दांवरून ठरत नाही.

आणि सप्टेंबर १६०८ मध्ये, म्हणजे लिपरहे हेगला होता त्याच दिवसांत, फ्रँकफुर्टच्या जत्रेत एक डच माणूस दुर्बीण विकत होता, एक काच तडकलेली, किंमत इतकी सांगितली की सौदा झाला नाही. हे सिमॉन मारियस या जर्मन खगोल अभ्यासकाने १६१४ मध्ये छापलंय. तोही निनावी.

मृगनक्षत्र

फ्रँकफुर्टचं मला माहीत नव्हतं. मग माझं पहिलं 'विषय संपला' मागे घेतो. पण दोन वेगळे प्रश्न आपण एकत्र करतोय असं वाटतं. दोन काचा कोणी धरल्या, हा एक. आणि उपयोगी पडेल इतकं स्वच्छ चित्र कोणी काढलं, हा दुसरा. चाळिशीवाल्यांनी वर विचारलं ना की दीडशे वर्षं कोणी केलं कसं नाही, त्याचं उत्तर रॉल्फ विलाख या स्विस अभ्यासकाने २००८ मध्ये दिलंय. त्याने जुन्या चष्म्यांच्या काचा तपासल्या. मध्यभाग बरा, पण कडेला घासणं बिघडलेलं. चष्म्याला त्याने फरक पडत नाही, कारण डोळ्याची बाहुली एवढीशी, ती एका वेळी काचेचा लहानसा तुकडाच वापरते. दुर्बिणीत मात्र पुढची सगळी काच एकदम कामाला लागते आणि चित्र विस्कटतं. मग कोणाला तरी सुचलं की काचेपुढे भोकाची चकती लावून कडा झाकून टाकावी. त्याचं म्हणणं, लिपरहेची खरी युक्ती ही चकती.

चाळिशीवाला

मृगनक्षत्र, काल रात्री तुमची पोस्ट वाचली आणि आज दुकान बंद केल्यावर माळ्यावरून वडिलांच्या हातच्या काचांचा डबा काढला. वडिलांनी शिकत असताना घासलेल्या चार काचा त्यात आहेत, त्या त्यांनी कधी विकल्या नाहीत पण टाकूनही दिल्या नाहीत. एक साधारण प्लस दोनची निघाली. मागे मायनस सहा धरून समोरच्या मेडिकलची पाटी बघितली. सगळं पसरट, अक्षरं एकमेकांत घुसलेली. मग चष्म्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, पंचने मधोमध भोक पाडलं आणि काचेवर चिकटवला. उजेड कमी झाला, पण पाटीवरचा फोन नंबर वाचता आला. मुलीला बोलावून दाखवलं, तिनेही वाचला.

तीनदा पुठ्ठा काढून आणि परत लावून बघितलं.

रेवतीतारा

दादा, भोक किती मिलिमीटरचं पाडलंत? शनिवारी वर्गात करून बघायचंय, आमच्याकडे भिंगं आहेत ती अगदी स्वस्तातली, कडा वाईटच असणार.

चाळिशीवाला

ताई, दहा मिलिमीटर. आधी वीसचं पाडलं होतं त्याने विशेष फरक पडला नाही. मायनसची काच नसेल तर पत्ता कळवा, दोन-तीन पाठवून देतो.